मोठ्या ढोलवाली समता तायडे

आमच्या शाळेत प्रार्थना सुरू झाली, की सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटायचे असा नियम आहे. समता तायडे हात जोडते. डोळे मात्र टक्क उघडे. एकदा सिस्टर एल्सींनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तिला सगळ्यांसमोर बोलावून याचा जाब विचारला. ही म्हणाली, "सिस्टर, मी क्लासची मॉनिटर हाये. मीच डोळे मिटले तं कोन उघडे ठेवते ते मले कसं समजन?" सिस्टरना हसू आलं आणि ते लपवायला त्यांनी तिला घाईघाईनं जागेवर पाठवलं. मी मागं उभी होते. पोरगी मला त्याच दिवशी आवडली, आणि ही पुढं कुणाच्या तरी नाकाला मिरच्या झोंबवणार हेही कळून चुकलं.

मी मराठी शिकवते. इंग्रजी शाळेतल्या मराठीच्या मास्तरणीला किती मान असतो ते सांगायला नको. गणिताचा तास बुडाला, की माझा तास कापतात. खामगावहून रोज एस.टी.नं येते, पिंपळगाव राजाच्या पुढं उतरते आणि तिथून एक आतला रस्ता धरते. गावाचं नाव राहू द्या. आमच्याकडं दोन खोल्या, एक घसरगुंडी आणि पोरांच्या गळ्यात टाय असला, की त्याला कॉन्व्हेंट म्हणतात. अशा कॉन्व्हेंटी गल्लोगल्ली आहेत. मग जिथं खरोखरच्या नन्स राहतात, त्या शाळेला काय म्हणावं? गावानं तो प्रश्न सोपा करून टाकला. आमची ती "सिस्टरची शाळा".

ख्रिस्ती मुलं शाळेत हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. बाकी सगळी आसपासच्या गावांतली, हिंदू, बौद्ध, मुसलमान. मूल्यशिक्षणाच्या तासाला ती मोजकी ख्रिस्ती मुलं बायबल शिकायला सिस्टरकडं जातात आणि उरलेली माझ्यापुढं बसून खरं बोलावे, पाणी जपावे वगैरे शिकतात. डबा उघडण्याआधी सगळे मिळून देवाचे आभार मानतात. ज्याच्या त्याच्या देवाचे, असं सिस्टर सांगतात. समतानं पहिलीत असताना विचारलं होतं म्हणे, आमच्या घरी देव नाही, मग मी कुणाचे मानू? सिस्टर म्हणाल्या, ज्यानं डबा केला त्याचे मान. तेव्हापासून ती डब्यासमोर हात जोडून "थँक्यू, आई" म्हणते. नववीत आली तरी म्हणते. तिची आई बेबीताई अंगणवाडीत आहे, वडील धम्मदीप वीज कंपनीत लाइनमन, आणि दोघांनाही सकाळी उसंत नसते, हे पाहता ते आभार योग्य ठिकाणी जातात.

पण आमच्या शाळेतली खरी बघण्यासारखी गोष्ट प्रार्थनेनंतरची. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, बातम्या, नखांची तपासणी असं सगळं आटोपलं, की बँड वाजायला लागतो आणि अख्खी शाळा ढोलाच्या ठोक्यावर वर्गात जाते. आधी केजीची पिल्लं, मग पहिली, मग दुसरी, अशी ओळीनं. मोठ्या ढोलाचा ठोका डाव्या पायावर पडायचा असतो. छोटे ढोल त्याच्या मागून तडतडतात, झांजा किणकिणतात, पण चालवतो तो मोठा ढोलच. तो चुकला, की सगळी शाळा लंगडते.

हा ढोल प्रज्वल नावाच्या आडदांड मुलाकडं होता. त्याला एक खोड होती. कुणी बघायला लागलं, की त्याचा हात पळायला लागायचा. मग मोठी मुलं ऐटीत पुढं निघायची आणि केजीची पोरं बूट निसटत, धडपडत मागून धावायची. त्याचं कुणाला काही वाटत नसे. लहान पोरं पडायचीच, असा एकूण समज होता.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर प्रज्वलला बँडमधून काढलं. दहावीच्या मुलांना दर वर्षीच काढतात, बोर्डाची परीक्षा असते. आमचे खेळाचे शेखर सर नववीच्या मुलांच्या गळ्यात एकेक करून ढोलाचा पट्टा अडकवत होते. एकाचा हात चुकायचा, एकाचा पाय, आणि एकाचे तर दोन्ही. समता तेव्हा झांजा वाजवायची. मुलींना झांजा आणि झेंडे, ढोल मुलांना, अशी वाटणी शाळा निघाल्यापासून होती. ती कुणी केली हे कुणालाच माहीत नव्हतं. समतानं झांजा खाली ठेवल्या.

"सर, मी घेते."

"तो पोरायचा ढोल हाये, बेटा. पोटावर बसते. लय वजन असते त्याले."

"पोरीले पोट नसते का, सर?"

मी व्हरांड्यात वह्या तपासत बसले होते. मला हसू आवरेना. शेखर सरांचे कान लाल झाले, त्यांनी सिस्टरांकडं पाहिलं, आणि सिस्टर म्हणाल्या, "बघू तर दे." आमच्या सिस्टर मूळच्या केरळच्या. मराठी छान बोलतात, फक्त प्रत्येक वाक्य थोडं तालावर म्हणतात.

पहिल्या दिवशी ठोके कसेही पडले. दुसऱ्या दिवशी बरे. आठवडा झाला नसेल, आणि एका सकाळी माझ्या लक्षात आलं, की केजीतलं एकही पोर धावत नाहीये. सगळी शाळा सावकाश, सरळ, एका पायावर चालली होती. मी तिला मधल्या सुट्टीत गाठलं आणि हे कसं जमवलंस ते विचारलं.

"मोठ्या पोट्ट्यायचं काय, मॅडम, ते कसेही चालतेत," ती डब्यातली भाकरी मोडत म्हणाली. "मी त्यायच्याकडे पाहतच नाही. ज्याचा पाय सगळ्यात आखूड, त्याचा डावा पाय टेकला, की ठोका देते."

कुणी शिकवलं नव्हतं हे तिला. शेखर सरांनीही नाही. ते स्वतः इतकी वर्षं सगळ्यात उंच मुलाकडं बघून हात हलवत होते. त्यांनी ते मान्य केलं, हा त्यांचा मोठेपणा. म्हणाले, "मॅडम, छब्बीस जानेवारीले पंचायतीच्या मैदानावर हीच वाजवन." समता त्या दिवशी घरी जाताना रस्त्यावरसुद्धा डावा-उजवा करत गेली.

आता तिच्या आजोबांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण खरी गोष्ट तिथं आहे. पुंजाजी तायडे. समता त्यांना आबाजी म्हणते. सारी उमर खामगावच्या जिनिंगमध्ये कापसाची बोंद्री, म्हणजे मोठाली गाठोडी, उचलण्यात गेली; आता पाठीला बाक आला आहे, पण आवाजाला नाही. रोज सकाळी ते नातीला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला यायचे. ती त्यांच्यापेक्षा हातभर उंच, तरी दप्तर यांच्याच खांद्यावर. फाटकाशी दप्तर द्यायचे, तिच्याकडं मान वर करून बघायचे, "शीक, माय," म्हणायचे आणि उलट पावली परत. फाटकाच्या आत ते कधी येत नसत. ढोल कोण वाजवतं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि समतानंही सांगितलं नव्हतं. का सांगितलं नव्हतं, तर तिला घरातली गोष्ट ठाऊक होती. ठाऊक असून तिनं ढोल उचलला होता.

डिसेंबरातल्या पालकसभेला बेबीताईंना सुट्टी मिळाली नाही म्हणून पुंजाजी आले, आणि लवकर आले. प्रार्थना संपून शाळा वर्गात निघाली होती. म्हातारा फाटकातून आत आला, ढोलाचा आवाज ऐकून थबकला, आणि मग ढोलामागं कोण आहे ते त्याला दिसलं. काठी टेकत तो सरळ मैदानाच्या मधोमध गेला. तिसरीच्या रांगेतून आरपार. त्यानं नातीच्या गळ्यातला पट्टा दोन्ही हातांनी उचलून काढला आणि ढोल खाली ठेवला.

"मास्तर," तो शेखर सरांना म्हणाला, "साऱ्या शायेत तुमाले तायड्याचीच पोरगी सापडली काय हो? देशमुखायचे पोट्टे मेले होते काय?"

शेखर सर पांढरेफटक पडले. "बाबा, तिनं सोताच मांगला..."

सिस्टर एल्सी धावत आल्या. "बाबा, आमच्या शाळेत जात नाही हो. आम्ही जात बघत नाही."

असं म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. सिस्टर भल्या आहेत, जिवाला जीव देतील, पण डोळे मिटले म्हणजे समोरची भिंत नाहीशी होत नाही. पुंजाजींनी मात्र शांतपणे उत्तर दिलं. "सिस्टरबाई, तुमच्या शायेत नसन. गावात हाये. अन् तुमची शाया गावातच हाये."

मग ते काठी टेकत फाटकाबाहेर निघून गेले. पालकसभा राहिली तशीच.

संध्याकाळी एस.टी. सोडून मी तायड्यांच्या घरी गेले. समजूत घालायला गेले होते. दुसऱ्यांच्या आजोबांची समजूत घालणं सोपं वाटतं. बेबीताईंनी चहा टाकला. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याखाली खुर्चीत पुंजाजी. समता दाराशी उभी.

"काळ बदलला आहे, आबाजी," मी सुरुवात केली.

"बदलला तं ढोल देशमुखाच्या पोराले द्या. मंग मी म्हनीन बदलला."

मी चहाचा कप तोंडाला लावला. चहा संपता संपता म्हातारा आपणहून बोलायला लागला. मला सांगत होता, पण बघत होता दाराकडं.

"माह्या बापाकडे डफडं होतं, बाई. गावाची दवंडी त्यानंच द्याची, अन् पाटलाच्या घरचं काही असलं, की डफडं घेऊन पुढं त्यानंच चालाचं. त्याले कोनी इचारत नसे, येतं का म्हनून. बोलावनं आलं, की निंगाचं. माही बहीन होती, लहानी. तापानं गेली. घरात मढं हाये, माय रडून राह्यली, अन् वाड्यावरून मानूस आला. पाटलाचा पोरगा सासुरवाडीहून येऊन राह्यला, वेशीवर चाल. बाप उठला. डफडं शेकलं, गयात अडकवलं, अन् गेला. सांजीले आला. मंग पोरीले माती देल्ली. मी तुमच्या पह्यलीच्या पोट्ट्यायएवढा होतो. मले आवाज आयकू येत होता वेशीवरचा. मस्त वाजवून राह्यला होता बाप. चुकला नाई."

बेबीताईंनी पदर तोंडाला लावला. त्यांनी हे कितीतरी वेळा ऐकलं असेल.

"दीक्षा झाली अन् आमच्या लोकायनं सारे डफडे एका जागी टाकले, पेटवले. बापानं सोताच्या हातानं टाकलं. मले म्हने, पुंज्या, आपल्या घरात आता कोनी वाजवनार नाई. आजवर नाई वाजवलं. ना लग्नात, ना जयंतीत. अन् हे," त्यांनी दाराकडं बोट केलं, "इंग्रजी शिकाले गेली, अन् ढोल शिकून आली."

समता दारातून आत आली. मला वाटलं, ही आता रडेल. ही कसली रडते!

"आबाजी, तुमच्या बापाले लावलं होतं. मले कोनी लावलं नाही. मी मांगून घेतला."

"मांगून घेतला तरी गयातच अडकवला ना?"

"हाव, अडकवला. सारी शाळा माह्या ठोक्यावर चालते. देशमुखाचे पोट्टे बी चालतेत. मी थांबली तं ते थांबतेत. तुमी कधी पाह्यलं का असं?"

"मले पाहाचं नाई."

"तं नका पाहू. मी सोडत नाही."

पुंजाजी उठून उभे राहिले. त्यांनी काठी आपटली. "वाजव मंग. पन ज्या दिवशी तो ढोल गयात घेशीन, त्या दिवसापासून मले आबाजी म्हनू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी समता एकटी आली. दप्तर स्वतःच्या पाठीवर. प्रार्थनेला डोळे उघडे. प्रार्थना संपल्यावर तिनं ढोल उचलून गळ्यात घातला आणि केजीच्या पायांकडं बघत पहिला ठोका दिला. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी तिच्या थोबाडीत द्यावीशीही वाटली. म्हातारा काही चुकीचं बोलत नव्हता, आणि पोरगीही नाही. तिढा असा, की कुणा एकाला खोटं पाडून तो सुटणार नव्हता. बेबीताई मला बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "दोघंबी एकाच मातीचे, मॅडम. एकाच ताटलीतून जेवाचे, आता एका खोलीत बसत नाईत. पोरगी राती झोपीत रडते. ढोल सोड म्हनलं तं म्हनते, आई, तू तुही अंगनवाडी सोड."

जानेवारीचे पहिले आठवडे असे गेले, आणि मग नारायणराव आले.

नारायणराव गावातलं बडं प्रस्थ, पाटलांच्या त्याच वाड्यातलं. नुकतेच कुठल्याशा सहकारी संघावर निवडून आले होते. माणूस गोड बोलणारा, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवणारा, आणि आमच्या शाळेला पाणी त्याच्या विहिरीवरून येतं. शाळेची बोअर कोरडी आहे. सिस्टरनी लावलेली सगळी झाडं, पोरांच्या पाण्याच्या टाक्या, सगळं त्या पाइपावर. सव्वीस जानेवारीला तेच प्रमुख पाहुणे. ते सिस्टरच्या खोलीत बसून हसत म्हणाले, की झेंडा झाल्यावर आमचे कार्यकर्ते घरापर्यंत छोटीशी मिरवणूक काढणार आहेत, डीजेला पोलिसांची परवानगी नाही, तर शाळेचा बँड तेवढा पुढं असू द्या. "अन् ते तायड्याची पोरगी ढोलावर ठेवजा. काय वाजवते!"

मी तिथं होते. ते गेल्यावर मी सिस्टरना म्हटलं, की हे होऊ द्यायचं नाही. का नाही ते सांगितलं. पुंजाजींच्या घरी ऐकलेलं सगळं सांगितलं. सिस्टरनी उठून खिडकीतून झाडांकडं पाहिलं. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं, तेही पाणीच त्याचं. शेवटी म्हणाल्या, "मी त्यांना नाही सांगते." त्यांनी सांगितलंही. पण आमच्या सिस्टरांचा नकार इतका गोड असतो, की ऐकणाऱ्याला तो होकारासारखा लागतो. बँड फक्त शाळेसाठी असतो, मुलं दमतात, आपण समजून घ्याल, असं काहीतरी. नारायणरावांनी अर्थातच समजून घेतलं नाही.

सव्वीस जानेवारीला सकाळी शाळा पंचायतीच्या मैदानावर निघाली तेव्हा अख्खं गाव दारात उभं होतं. पांढरे बूट, पांढरे मोजे, पुढं बँड, बँडच्या मधोमध समता. एकही पोर धावलं नाही. मैदानावर झेंडा झाला, भाषणं झाली, पहिलीच्या मुलांची कवायत झाली. मैदानाच्या कडेला, पिंपळाच्या पारापाशी मला पुंजाजी दिसले. इस्त्रीचा पांढरा सदरा. ते दर वर्षी झेंड्याला येतात. नातीसाठी आले नव्हते, आणि तसं दाखवायला तिच्याकडं पाठ करून उभे होते.

बिस्किटं वाटून झाली. शेखर सरांनी परतीच्या रांगा लावल्या. आणि मैदानाच्या तोंडाशी उघडी जीप येऊन आडवी थांबली. झेंडूच्या माळा घातलेली, वर नारायणराव, भोवती गुलाल घेतलेले कार्यकर्ते.

"चाला, बँड पुढं घ्या!" कुणीतरी ओरडलं.

शेखर सर सिस्टरकडं बघायला लागले. सिस्टर पुढं झाल्या, "नारायणराव, मी तुम्हाला सांगितलं होतं..." पण त्यांचा तो तालावरचा आवाज गोंगाटात कुणाला ऐकू जाणार? नारायणराव जीपमधून खाली वाकले. समताकडं बघून इतके प्रेमानं हसले, की मला तो चेहरा अजून विसरता येत नाही.

"वाजव, पोरी. लाजू नको. तुह्या पनज्यानं आमच्या आज्यापुढं वाजवलं. रक्तातच हाये तुमच्या!"

लोक हसले. वाईट हसले नाहीत. कौतुकानं हसले, आणि तेच जास्त लागलं. पाराकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

समतानं ढोलाची काठी काखेत धरली.

"नाही वाजवत."

"काऊन वो?" नारायणराव अजून हसतच होते.

"हा ढोल शाळेचा हाये, काका. झेंड्यासाठी वाजवला. आता पोट्टे शाळेत परत जातीन तवा वाजवीन. तुमच्या गाडीपुढं नाही वाजवत."

आवाज मोठा नव्हता, पण मैदान तोवर गप्प झालं होतं. नारायणरावांचं हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतून गेलं. "सिस्टर, सांगा हिले. पाच मिनिटाचं काम हाये."

सिस्टर एल्सींनी समताकडं पाहिलं. मग त्यांनी जे केलं, त्यासाठी मी त्यांचे सगळे गोड नकार माफ केले. त्या येऊन समताच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच त्यांचं वाक्य सपाट, ताल सोडून आलं. "ती नाही म्हणाली आहे. मी पण."

"द्या बे दुसऱ्या पोट्ट्याले ढोल!" एक कार्यकर्ता म्हणाला. छोटे ढोलवाले हलले नाहीत. एकजूट वगैरे काही नव्हती, खोटं कशाला सांगू. मोठ्या ढोलाशिवाय त्या पोरांना ताल धरता येत नाही, म्हणून ती आपली तोंडं उघडी टाकून उभी राहिली. पण दिसत होतं ते एकजुटीसारखंच.

शाळेचं पाणी त्यानंतर बंद झालं. मुलांनी घरून बाटल्या आणल्या, हात धुतलेलं पाणी बादलीत साठवून झाडांना घातलं, आणि सिस्टर ग्रामसभेत उभ्या राहून, एक शब्दही गोड न बोलता, शाळेसाठी नळ मंजूर करून आल्या. पण ते पुढचं. त्या घटकेला कुणालाच काही सुचत नव्हतं. जीपचं इंजिन घुरघुरत होतं, चारशे पोरं उन्हात एका जागी उभी होती, आणि समता काखेत काठी धरून जीपकडं बघत होती.

तेवढ्यात गर्दी बाजूला सरली. पुंजाजी काठी टेकत येत होते. मला वाटलं, हा आता पुन्हा पट्टा काढणार, या सगळ्यांसमोर. म्हातारा जीपच्या बाजूनं आला आणि नारायणरावांकडं त्यानं मान वळवूनही पाहिलं नाही. नातीसमोर येऊन उभा राहिला. दोघांची बोलणी बंद झाल्याला सबंध महिना उलटून गेला होता. त्यानं हात वर करून तिच्या खांद्यावरचा पट्टा चाचपला. पीळ पडला होता. त्यानं तो सरळ केला.

"माह्या बापाले नाई म्हनता आलं नाई, माय," पुंजाजी म्हणाले. "तुले आलं. पोट्ट्यायले शायेत ने. आता वाजव."